मानापमान, पडद्यामागचे : मराठी संगीत नाटक मंडळ्या का फुटत गेल्या?

१/ सावंतवाडीहून बांद्याकडे निघाले की वाटेत इन्सुली लागते. या पट्ट्यात कार्तिक सरत आला आणि जत्रांचे दिवस सुरू झाले की नाक्यानाक्यावर एक फलक दिसू लागतो : 'संयुक्त दशावतार'. निरनिराळ्या मंडळांचे नामांकित कलावंत एका रात्रीपुरते एकाच मंचावर येणार, असा त्याचा अर्थ. एरवी प्रत्येक कलावंत आपल्या मंडळाचा. कोणाचा राजा सरस आणि कोणाची स्त्रीभूमिका सरस, यावर रसिकांत वाद ठरलेले. म्हणूनच 'संयुक्त' हा शब्द वाचला की गर्दी दुणावते.

२/ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच एका शब्दाने मुंबईला वेड लावले होते. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक, नायिका आणि नायक म्हणून समोरासमोर. पण ही माणसे मुळात विभक्त का होती? या धाग्यात त्या फुटीची कथा पाहू.

३/ आधी 'नाटक मंडळी' म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे. ते एक फिरते बिऱ्हाड होते. पडदे, पोशाख, वाद्ये, स्वयंपाकी, नट, साथीदार हे सारे गावोगाव हिंडत. मुक्काम एकत्र, पंगत एकत्र. मात्र या पंगतीत दोन वर्ग होते : काही मंडळी भागीदार, म्हणजे मालक, बाकीची पगारी. आणि ज्या आवाजासाठी प्रेक्षक तिकीट काढत, तो आवाज पुष्कळदा पगारी नटाचा असे. पुढच्या बहुतेक भांडणांचे बीज या व्यवस्थेत आहे.

४/ अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. १८८५ मध्ये अण्णासाहेब वारले, पण त्यांची मंडळी टिकली. टिकली ती मुख्यतः भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर. १९०१ मध्ये भाऊरावही गेले आणि किर्लोस्कर मंडळीपुढे प्रथमच तो प्रश्न उभा राहिला, जो पुढे प्रत्येक मंडळीला छळणार होता : आवाज गेला की उरते काय?

५/ उत्तर १९०५ मध्ये मिळाले. नागठाण्याचा नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा कानाच्या दुखण्यावरील उपचारासाठी मिरजेस आला होता. या उपचारामागे शाहू महाराजांचा पाठिंबा होता. तेथेच तो किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. 'बालगंधर्व' ही उपाधी लोकमान्य टिळकांनी दिली, असे परंपरा सांगते. काही वर्षांतच मंडळीचे भाग्य पुन्हा एका गळ्याशी बांधले गेले.

६/ त्या बांधिलकीचे मोल १२ मार्च १९११ रोजी दिसले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग मुंबईत व्हायचा होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले. ही घटना कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही पाहायला हवी : सबंध मंडळीचा संसार एका माणसावर इतका टेकला होता की त्याला शोकासाठी एक रात्रही मोकळी मिळाली नाही.

७/ त्या प्रयोगात धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. ते नट होते आणि मालकही. त्यामुळे रंगमंच आणि हिशेबाची वही या दोन्ही बाजू त्यांना कळत. त्याच वर्षी, १९११ मध्येच, ते वारले. कारभाराची सूत्रे शंकरराव मुजुमदारांकडे एकवटली. मुजुमदार सामान्य गृहस्थ नव्हते. ते अण्णासाहेबांचे चरित्रकार आणि 'रंगभूमी' मासिकाचे संपादक. परंतु अधिकार, हिशेब आणि मालकीतला वाटा यांवरून कारभारी आणि नट यांच्यात तेढ वाढत गेली.

८/ ५ जुलै १९१३ रोजी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन झाली. मालक तिघे : बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. गायक नट, गद्य अभिनयाचा कसलेला नट आणि 'मानापमान'च्या चालींचा कर्ता. किर्लोस्कर मंडळीकडे नाव, पडदे आणि जुनी पुण्याई राहिली. जी गोष्ट ऐकायला लोक येत होते, ती मात्र निघून गेली होती.

९/ हा क्रम ओळखीचा वाटतो ना? २७ ऑगस्ट १९६७ रोजी बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन वारले. पुढे त्यांच्या जागी ॲलन क्लाइन यांना आणावे की नाही, यावरून चौघांत फूट पडली आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी पॉल मॅकार्टनी यांनी भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. चाहते मात्र वर्षानुवर्षे भांडणाचे मूळ स्वभावात आणि बायकांत शोधत राहिले. विश्वासाचा कारभारी गेल्यावर कारभार कोणाचा, हा रुक्ष प्रश्न पुण्या-मुंबईतही तोच होता आणि लंडनमध्येही तोच.

१०/ फुटीनंतर कोण कोणाबरोबर गेले, हे पाहण्यासारखे आहे. खाडिलकरांचे 'विद्याहरण' १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले होते. त्यांचे पुढचे संगीत नाटक 'स्वयंवर' मात्र १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व मंडळीने केले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. नाटककार आवाजामागे गेला, संगीतकार आवाजामागे गेला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रयही गंधर्व मंडळीला लाभला.

११/ पण ज्या कारणाने किर्लोस्कर मंडळी फुटली, ते कारण नव्या घरातही आले. मालक तिघे आणि लोकांच्या डोळ्यांपुढे चेहरा एकच. १९१५ मध्ये टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी 'शिवराज नाटक मंडळी' काढली. बोडसांनी १९१९ च्या 'एकच प्याला'तील सुधाकर अजरामर केला. पुढे तेही वेगळे झाले. अखेरीस मंडळीचे मालक एकटे बालगंधर्व उरले. मालकी आणि आवाज प्रथमच एका हाती आले. त्याचे फळ काय मिळाले, ते पुढे पाहू.

१२/ आता दुसऱ्या बाजूकडे वळू. केशवराव भोसले, जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. पित्याचे छत्र लवकर हरपले आणि गरिबीमुळे हा मुलगा कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत आला. देवलांच्या 'शारदा'तील नायिकेच्या भूमिकेने त्याला घरोघर पोहोचवले. इथेही तेच : नाव मुलाचे, मिळकत मंडळीची. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस केशवरावांनी 'ललितकलादर्श' स्थापन केली. तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते.

१३/ दोघांची गायकी एकमेकांहून निराळी. बालगंधर्वांचे गाणे लयीच्या कुशीत वाढणारे, शब्दाला गोंजारणारे, लोभस. केशवरावांचा आवाज उंच, धारदार आणि दमदार. ताना थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत. एकाने स्त्रीभूमिकेला आयुष्य वाहिले. दुसरा शारदा आणि मृणालिनी साकारून नायकाच्या भूमिकांकडे वळला. रसिकांनी यातून दोन तट उभारले आणि एकाची स्तुती म्हणजे दुसऱ्याची निंदा, असा रिवाज पडला.

१४/ केशवरावांच्या गाण्यामागचा गुरू सावंतवाडी संस्थानातला. रामकृष्णबुवा वझे यांचा जन्म वझरे गावचा. पोरवयात घर सोडून, विद्येसाठी पायपीट करत ते ग्वाल्हेरला पोहोचले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. त्यांची तालीम केशवरावांना लाभली आणि 'संन्याशाचा संसार'सारख्या ललितकलादर्शच्या नाटकांना त्यांच्या चाली लाभल्या. म्हणजे दोन मंडळ्यांच्या स्पर्धेमागे दोन बुवांची स्पर्धाही उभी होती : तिकडे बखले, इकडे वझे.

१५/ सावंतवाडीचे आणखी एक नाव या कथेत आहे आणि ते अनेकदा गाळले जाते. हिराबाई पेडणेकर. जन्म १८८६, सावंतवाडी, वाढल्या मुंबईत. मराठीतील पहिल्या स्त्री नाटककार म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांचे 'संगीत दामिनी' १९१२ मध्ये रंगभूमीवर आणले ते केशवरावांच्या ललितकलादर्शने. त्या नायकीण समाजातल्या. नाटककारांच्या बैठकीत त्यांच्या गाण्याला दाद होती, त्यांच्या चालींना मागणी होती. समाजात मात्र त्यांना प्रतिष्ठेची जागा नव्हती.

१६/ याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या काळात दोन पुरुषांपैकी श्रेष्ठ नायिका कोण, यावर महाराष्ट्र भांडत होता, त्या काळात गाणे जाणणारी, नाटक लिहिणारी स्त्री रंगमंचावर उभी राहू शकत नव्हती. नटांचे मानापमान वर्तमानपत्रांतून गाजले. हिराबाईंचा अपमान कोणाच्या स्पर्धेचा विषयच झाला नाही. पुढे त्या कोकणात पालशेतला स्थिरावल्या आणि १९५१ मध्ये तेथेच वारल्या.

१७/ इकडे किर्लोस्कर मंडळीने बालगंधर्वांची उणीव भरून काढण्यासाठी गोव्याच्या मंगेशीचा एक मुलगा घेतला : दीनानाथ मंगेशकर, जन्म २९ डिसेंबर १९००. आवाज तेजस्वी, फिरत विलक्षण. मंडळी पुन्हा सावरणार असे वाटत असतानाच १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' काढली. पाच वर्षांत दुसऱ्यांदा किर्लोस्कर मंडळीचा आवाज दाराबाहेर गेला.

१८/ पुढे 'रणदुंदुभि' आणि सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' या बलवंतच्या नाटकांना चाली कोणी दिल्या? वझेबुवांनीच. म्हणजे बालगंधर्वांच्या दोन्ही मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गायकीवर सावंतवाडीकडच्या एकाच बुवांची छाप होती. मालकांचे वैर गुरूच्या दारात थांबत असे.

१९/ नाटककारांचेही तसेच. राम गणेश गडकऱ्यांचे 'पुण्यप्रभाव' १९१६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने केले, 'एकच प्याला' गंधर्व मंडळीने आणि 'भावबंधन' बलवंतने. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी गेले. ही शेवटची दोन नाटके रंगभूमीवर आलेली त्यांनी पाहिली नाहीत. तिकडे ललितकलादर्शने मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' करून हुंड्याचा प्रश्न मंचावर आणला होता. प्रत्येक मंडळीला दुसरीहून वेगळे दिसायचे होते, म्हणून नव्या लेखकाला जागा मिळत गेली. फुटीने माणसे दुखावली, पण नाटके वाढली.

२०/ चाहत्यांच्या तटांना आणखी एक पदर होता. तो काळ ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा, आणि त्याचे एक प्रमुख केंद्र केशवरावांचे कोल्हापूर. बालगंधर्व ब्राह्मण घरातले, केशवराव मराठा घरातले. त्यामुळे गाण्याच्या आवडीनिवडीत जातीचा अभिमान मिसळणे अवघड नव्हते. स्वतः शाहू महाराजांनी मात्र दोघांचेही कौतुक केले, दोघांनाही हात दिला. आश्रयदात्याला जे सहज साधले, ते प्रेक्षागृहाला साधायला १९२१ उजाडावे लागले.

२१/ लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहिला आणि देशभरातून एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प गांधीजींनी सोडला. या फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र प्रयोग करावा अशी कल्पना निघाली. नाटक निवडले 'मानापमान'. श्रीमंत भामिनी गरीब म्हणून धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याच्याच प्रेमात पडते. नावापासून कथेपर्यंत याहून समर्पक नाटक सापडले नसते.

२२/ लोक आले ते जुगलबंदी पाहायला. आज कोण कोणाला झाकतो, हे ठरवायला. ते ठरले नाही. भामिनी भामिनीच्या ढंगाने गायली, धैर्यधर आपल्या ढंगाने. दोघांनाही दाद मिळाली आणि फंडात मोठी रक्कम जमा झाली. पाठोपाठ 'संयुक्त सौभद्र'ही झाले. दोन तटांत बसलेल्या प्रेक्षकांना त्या रात्री दोन्ही गाणी एकाच आसनावरून ऐकावी लागली. त्या प्रयोगाचे खरे यश हेच म्हणावे लागेल.

२३/ ही मैत्री पुढे कोठवर गेली असती, हे काळाने पाहू दिले नाही. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. 'संयुक्त मानापमान'ला तीन महिनेही पुरते झाले नव्हते. ललितकलादर्श बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी. आवाज गेल्यावरही मंडळी टिकू शकते, हे दाखवणारी ही दुर्मीळ संस्था ठरली.

२४/ आणि ज्यांच्या हाती आवाज आणि मालकी दोन्ही आले होते, ते बालगंधर्व? त्याच सुमारास त्यांची मंडळी मोठ्या कर्जात होती आणि पुढची कित्येक वर्षे ते फेडण्यात गेली. अस्सल शालू, दागिने, अत्तर यांत त्यांनी कसूर केली नाही. वहीकडे पाहण्याची त्यांची वृत्ती नव्हती. पूर्वी हिशेबावरून भांडणारे भागीदार तरी होते. आता 'हे परवडत नाही' असे बरोबरीच्या नात्याने सांगणारे कोणी उरले नव्हते.

२५/ या साऱ्या पडद्यामागच्या गोष्टी आपल्याला कळतात त्या कोणाकडून? बोडसांनी 'माझी भूमिका' लिहिले, टेंब्यांनी 'माझा संगीत व्यासंग', चिंतामणरावांनी 'बहुरूपी'. तिघेही मंडळ्या सोडून गेलेले किंवा नव्या काढलेले. बालगंधर्वांनी आत्मचरित्र लिहिले नाही. केशवरावांना तेवढे आयुष्य मिळाले नाही. म्हणजे जे गायले ते गप्प राहिले आणि जे बाहेर पडले त्यांनी लिहिले. ही पुस्तके वाचावीत, आवर्जून वाचावीत. पण कैफियत म्हणून वाचावीत, निकालपत्र म्हणून नव्हे.

२६/ अखेर या सगळ्यांचा प्रतिस्पर्धी एकच ठरला : बोलपट. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त टेंबे स्वतः राजा हरिश्चंद्र झाले. बलवंतने चित्रपट काढून पाहिला आणि हात पोळून घेतले. दीनानाथ १९४२ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी गेले. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त पुरुषभूमिकेत उतरले, पण पडद्यावर रमले नाहीत. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मंडळीचे वैभव केव्हाच संपले होते.

२७/ किर्लोस्कर ते बलवंत या प्रवासात प्रत्येक फुटीचे वर्णन अहंकाराची टक्कर असे केले गेले. अहंकार होतेच. पण कोणती मंडळी कधी फुटली हे पाहिले तर दिसते की भांडण पेटले ते कोणी बेसूर गायले म्हणून नव्हे. सर्वांचा विश्वास असलेला मालक गेला किंवा वाट्याचा हिशेब जुळेना, तेव्हा ते पेटले. गाणाऱ्याला आपल्या गाण्याच्या मिळकतीवर हक्क हवा होता. तो मागण्याची रीतसर जागा नव्हती, म्हणून प्रत्येकाला वेगळे घर बांधावे लागले.

२८/ कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटराला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत होरपळले. दुसऱ्या दिवशी तेथे जमलेल्या लोकांपैकी कोणीही केशवरावांना ऐकलेले नव्हते. तरीही डोळे पाणावले होते. जुन्या तटांचा मागमूस त्या गर्दीत नव्हता.